शब्दासाठी जन्मलेली ध्वनिशाळा : बीबीसी रेडिओफोनिक वर्कशॉपची वाटचाल

बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपचे नाव निघाले की ‘डॉक्टर हू’ या मालिकेची शीर्षकधून आठवते. ती कीर्ती रास्तच आहे, पण अपुरी आहे. ही संस्था जन्माला आली ती बोलल्या जाणाऱ्या शब्दासाठी. कविता, नभोनाट्य आणि साध्या माणसांचे बोलणे यांना स्वतःचे ध्वनिविश्व मिळावे, हा तिचा मूळ हेतू होता. आज संथ, पसरत जाणाऱ्या ध्वनींच्या सोबतीने कवितांचे अभिवाचन जगभर होते. अशा संगीताला अॅम्बियंट हे नाव रूढ होण्याच्या कितीतरी आधी, लंडनच्या एका खोलीत, टेप आणि दाढीचे ब्लेड यांच्या बळावर हे काम सुरू झाले होते.

संस्थेच्या आधी

पॅरिसमध्ये संगीतकार प्येर शेफर यांनी १९४८ मध्ये आगगाडीचे मुद्रित आवाज जोडून रचना केली. कोलोनच्या नभोवाणी केंद्रात निव्वळ विजेच्या उपकरणांतून ध्वनी घडवले जात होते. तिथेच संगीतकार स्टॉकहाउझेन यांनी १९५६ मध्ये एका मुलाचा आवाज आणि इलेक्ट्रॉनिक ध्वनी एकमेकांत विरघळवून दाखवले. बीबीसीच्या संगीत विभागाला या प्रयोगांबद्दल आस्था नव्हती. आस्था होती ती नाट्य विभागातल्या मंडळींना, कारण त्यांची अडचण वेगळी होती. स्वप्न, भीती, वार्धक्य, एकटेपणा यांविषयीचे नवे लेखन त्यांच्याकडे येत होते आणि त्यासाठी दाराची करकर किंवा घोड्यांच्या टापा पुरेशा नव्हत्या.

जानेवारी १९५७ मध्ये सॅम्युएल बेकेट यांचे ‘ऑल दॅट फॉल’ हे नभोनाट्य प्रसारित झाले. दिग्दर्शक डोनाल्ड मॅकव्हिनी यांनी त्यातल्या गुराढोरांचे आवाज माणसांच्या तोंडून काढून घेतले, आणि डेस्मंड ब्रिस्को यांनी ध्वनीची बाजू सांभाळली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फ्रेडरिक ब्रॅडनम यांची ‘प्रायव्हेट ड्रीम्स अँड पब्लिक नाइटमेअर्स’ ही रचना बीबीसीच्या थर्ड प्रोग्रॅम या वाहिनीवरून ऐकवली गेली. ‘रेडिओफोनिक कविता’ म्हणूनच ती सादर झाली. शब्द निम्मे काम करतील आणि उरलेले ध्वनी करतील, अशी तिची घडण होती. या रचनेच्या ध्वनिकामात डॅफ्नी ओरम होत्या. रात्री स्टुडिओ रिकामे झाले की त्या निरनिराळ्या खोल्यांतली टेप-यंत्रे एकत्र आणत, प्रयोग करत आणि सकाळच्या आत ती जागेवर नेऊन ठेवत. वर्कशॉप स्थापन होण्याआधीच त्याचे काम असे सुरू झाले होते.

१३ नंबरची खोली

१ एप्रिल १९५८ रोजी मेडा व्हेल स्टुडिओत रेडिओफोनिक वर्कशॉप अधिकृतपणे सुरू झाले. ही इमारत मुळात स्केटिंगसाठी बांधलेली होती. बीबीसीने १९३४ मध्ये ती स्टुडिओंसाठी घेतली. वर्कशॉपच्या वाट्याला आली १३ नंबरची खोली आणि इतर विभागांनी टाकून दिलेली यंत्रसामग्री. संस्थापक दोघे : ओरम आणि ब्रिस्को. तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकनने सतराव्या शतकात आपल्या ‘न्यू अटलांटिस’मध्ये ध्वनिगृहांची कल्पना लिहून ठेवली होती. तो उतारा ओरम यांनी वर्कशॉपमध्ये लावला.

ओरम यांची दृष्टी मोठी होती. ध्वनी ही स्वतंत्र कला व्हावी, नाटकाची हरकामी सेवा नव्हे, असे त्यांना वाटे. संस्थेची चौकट त्याहून लहान निघाली आणि १९५९ मध्येच त्या बाहेर पडल्या. पुढे केंटमधल्या आपल्या स्टुडिओत त्यांनी फिल्मवर रेषा रंगवून ध्वनी निर्माण करणारे यंत्र घडवले. वर्कशॉपची धुरा ब्रिस्को यांनी १९८३ पर्यंत वाहिली.

इथे कामाला असलेल्यांना संगीतकार म्हणण्याची पद्धत नव्हती. श्रेयनामावलीत बहुधा ‘विशेष ध्वनी’ एवढेच लिहिले जाई आणि नाव संस्थेचे येई. ज्यांनी ही कला उभारली त्यांची नावे श्रोत्यांना वर्षानुवर्षे कळली नाहीत, हा या वाटचालीतला खरा अन्याय आहे.

काम कसे चाले, हे समजून घेतल्याशिवाय त्याचे मोल कळत नाही. टेप सेकंदाला १५ इंच या वेगाने धावत असेल, तर एक इंचाच्या तुकड्यात सेकंदाचा पंधरावा भाग मावतो. एखाद्या शब्दाचा स्वर नेमका कुठे सुरू होतो ते टेपवर शोधायचे, पुढचे व्यंजन ब्लेडने कापून टाकायचे आणि उरलेला स्वर गोल फिरणाऱ्या टेपवर चढवायचा. टेपचा वेग निम्मा केला की तो स्वर बरोबर एक सप्तक खाली उतरतो. घंटेचा पहिला ठोका कापला तर उरते ती केवळ तिची घुमत राहणारी आस. माणसाचा आवाज आणि सभोवतालचा नाद एकाच टेपवर, एकाच ब्लेडने घडत होते. म्हणूनच या कामात शब्द पुढे आणि संगीत मागे अशी उतरंड राहिली नाही.

डर्बीशायर आणि बर्मँज

या वाटेवरचे शिखर डेलिया डर्बीशायर यांनी गाठले. त्यांचा जन्म १९३७ चा, कॉव्हेंट्रीचा. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बवर्षावाच्या काळात ऐकलेल्या भोंग्यांतून अमूर्त ध्वनीची ओढ लागली, असे त्या सांगत. केंब्रिजमध्ये त्यांनी गणित आणि संगीत यांचा अभ्यास केला. एका नामवंत रेकॉर्ड कंपनीने ध्वनिमुद्रणाच्या कामावर स्त्रिया घेत नाही असे सांगून त्यांना परत पाठवले होते. १९६० मध्ये त्या बीबीसीत आल्या आणि १९६२ पासून वर्कशॉपमध्ये रमल्या.

संगीतकार रॉन ग्रेनर यांच्या स्वरलिपीवरून त्यांनी घडवलेली ‘डॉक्टर हू’ची धून २३ नोव्हेंबर १९६३ रोजी लोकांनी ऐकली. त्यानंतर दीड महिन्याच्या आत, ५ जानेवारी १९६४ रोजी, ‘द ड्रीम्स’ प्रसारित झाले. नाटककार बॅरी बर्मँज यांनी सामान्य माणसांना त्यांची स्वप्ने सांगायला लावून ती मुद्रित केली आणि त्या बोलण्याचे तुकडे करून पाच भाग रचले : पळणे, पडणे, भूप्रदेश, पाण्याखाली आणि रंग. एकजण वाक्य सुरू करतो, दुसरी बाई तेच तिच्या शब्दांत सांगते, तिसऱ्याच्या तोंडी एखादा शब्द पुन्हा पुन्हा येतो आणि ध्रुपदासारखा मनात ठसतो. भोवती डर्बीशायर यांचे लांबलेले, हळूहळू रंग बदलणारे ध्वनी आहेत. ठेका नाही, चाल नाही. कवीने लिहिलेली एकही ओळ नसताना ही पूर्ण कविता होते, कारण तिच्यात पुनरावृत्ती, विराम आणि प्रतिमा यांचा हिशेब कवितेचाच आहे.

‘द ड्रीम्स’ ज्या ‘इन्व्हेन्शन्स फॉर रेडिओ’ मालिकेतले होते, तिच्यात आणखी तीन रचना झाल्या. ‘अमोर देई’ (१९६४) मध्ये लोक ईश्वराविषयी बोलतात, मानणारे आणि न मानणारेही. ‘द आफ्टर-लाइफ’ (१९६५) मृत्यूनंतरच्या अस्तित्वाविषयी आहे आणि ‘द इव्हनिंग्ज ऑफ सर्टन लाइव्ह्ज’ (१९६५) म्हातारपणाविषयी. ज्यांना रेडिओवर कधी कोणी बोलावले नसते, अशा माणसांच्या उच्चारांना, अडखळण्यांना आणि श्वासांना या चार रचनांनी काव्याची प्रतिष्ठा दिली. माझ्या मते संस्थेच्या चाळीस वर्षांतले हे सर्वांत मोठे काम आहे.

शाळेच्या वर्गापर्यंत

हे सगळे केवळ जाणकारांपुरते राहिले नाही. गणिताचे पदवीधर आणि जॅझ वादक असलेले डेव्हिड केन यांनी शालेय नभोवाणीसाठी ‘द सीझन्स’ ही मालिका केली. बारा महिने आणि चार ऋतू यांवरच्या रोनाल्ड डंकन यांच्या कविता, डेरेक बाउस्किल यांचे वाचन आणि केन यांचे विरळ, थंड, थोडे अस्वस्थ करणारे इलेक्ट्रॉनिक संगीत. शाळेतल्या मुलांनी हे ऐकून अभिनय आणि हालचाली रचायच्या, असा तिचा उपयोग होता. १९६९ मध्ये तिची तबकडी निघाली. ती वर्गात ऐकलेली पिढी मोठी झाली, तिने जुन्या बाजारात तबकडी शोधली आणि २०१२ मध्ये तिची नवी आवृत्ती आली. मुलांना कमअस्सल दिले नाही की काय होते, त्याचे हे उदाहरण.

ब्रिस्को यांनीही १९७० च्या दशकात ‘अ वॉल वॉक्स स्लोली’ ही रचना केली. तिच्यात कंब्रिया प्रदेशाचे ध्वनी, तिथल्या लोकांचे बोलणे आणि मिलम गावी जन्म काढलेले कवी नॉर्मन निकोल्सन यांच्या कविता एकत्र आल्या.

यंत्रे बदलली, हिशेब बदलला

१९७० च्या सुमारास सिंथेसायझर आले. मेडा व्हेलची इमारत डेलावेअर रोडवर होती, म्हणून तिथे बसवलेल्या प्रचंड यंत्राला ‘डेलावेअर’ हेच नाव पडले. महिन्याचे काम दिवसांत होऊ लागले, मागणीही वाढली. पॅडी किंग्सलंड, पीटर हॉवेल, रॉजर लिंब, एलिझाबेथ पार्कर यांनी या काळात भरघोस काम केले. मात्र एकेक ध्वनी हाताने घडवण्याची सवड संपली. डर्बीशायर १९७३ मध्ये बाहेर पडल्या.

१९९० च्या दशकात बीबीसीने आपल्याच विभागांना बाजारभावाने कामे मिळवायला लावली. प्रयोगाचा वेळ कोणत्या खात्यात लिहायचा, याला त्या व्यवस्थेत जागा नव्हती. १९९८ मध्ये वर्कशॉप बंद झाले. शेवटपर्यंत राहिल्या त्या एलिझाबेथ पार्कर.

ध्वनिफितींचा साठा मात्र वाचला. वर्कशॉपमधले जुने सहकारी ब्रायन हॉजसन आणि संगीतकार मार्क एअर्स यांनी तो लावून घेतला. डर्बीशायर २००१ मध्ये वारल्या, तेव्हा त्यांच्या माळ्यावर २६७ रिळे सापडली. त्यांचा संग्रह आज मँचेस्टर विद्यापीठाकडे आहे. जुनी मंडळी २००९ मध्ये लंडनच्या राउंडहाउसमध्ये पुन्हा मंचावर आली. मेडा व्हेलची इमारत २०२३ मध्ये विकली गेली. घेणाऱ्यांत चित्रपट संगीतकार हान्स झिमर आहेत.

या वाटचालीतून घ्यायचे ते एवढेच : कविता लिहून झाल्यावर वरून चढवलेले संगीत आणि कवितेबरोबर घडलेला ध्वनी यांत फार अंतर आहे. नभोनाट्य आणि श्रुतिकांची परंपरा आपल्या मराठीतही आहे, आणि ध्वनी कापण्या-जोडण्याचे साधन आज प्रत्येकाच्या हातातल्या फोनवर आहे. आपल्या कवींनी आणि ध्वनीच्या जाणकारांनी पहिल्या ओळीपासून एकत्र बसावे, आपल्या गावातल्या माणसांची बोली मुद्रित करून घ्यावी, आणि जे घडेल ते नावानिशी, तारखेनिशी जपून ठेवावे.