चुंबकाची साक्ष : कॉफीच्या पोलादी भांड्याचा इतिहास

भांड्यांच्या दुकानात स्टेनलेस स्टीलची परीक्षा आजही बहुधा एकाच साधनाने होते. ते साधन म्हणजे चुंबक. चिकटला तर माल हलका, न चिकटला तर माल अस्सल, असा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. घरी कॉफी करण्यासाठी पोलादी फ्रेंच प्रेस विकत घेणारा ग्राहकही हीच परीक्षा करतो आणि खोक्यावर ‘३०४’ हा आकडा वाचून निश्चिंत होतो. केंद्र सरकारने १४ मार्च २०२४ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे केले. त्या निमित्ताने हा जुना समज एकदा तपासून पाहणे उचित ठरेल. चुंबकाची साक्ष ग्राह्य धरावी काय? याचे उत्तर देण्यास रसायनशास्त्राइतकाच इतिहासही लागतो, कारण आपल्या भांड्यांचे पोलाद आज जसे आहे तसे का झाले, हा मुळात इतिहासाचा प्रश्न आहे.

*कॉफी आणि लोखंड : एकच डोंगररांग*

बेळगोळ म्हटले की मराठी वाचकाला गोमटेश्वराचे श्रवणबेळगोळ आठवते. येथे अभिप्रेत आहे ते दुसरे बेळगोळ, म्हैसूरजवळचे, कावेरीच्या खोऱ्यातले. कोडगूच्या कॉफीमळ्यांतून उतरलेली कावेरी येथे कृष्णराजसागर धरणात विसावते आणि म्हैसूरच्या बाजूची एक औद्योगिक वसाहतही याच गावाच्या नावाने ओळखली जाते. धरणाचे काम १९११ मध्ये सुरू झाले, तेव्हा मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या म्हैसूर संस्थानाचे मुख्य अभियंता होते. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये अभियांत्रिकी शिकून त्यांनी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात अनेक वर्षे काढली होती. खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे ही त्याच काळातील त्यांची कामगिरी.

विश्वेश्वरय्यांच्याच प्रेरणेने उभा राहिलेला भद्रावतीचा लोखंड कारखाना १९२३ मध्ये सुरू झाला. संस्थानात लोहखनिज होते, परंतु दगडी कोळसा नव्हता. जंगल मात्र विपुल होते. म्हणून या कारखान्याची झोतभट्टी लाकडी कोळशावर चालविण्यात आली. जवळ काय आहे ते पाहून धातू कसा करायचा हे ठरवावे, ही त्यामागील दृष्टी होती. ती ध्यानात ठेवावी, कारण पुढे स्टेनलेस स्टीलच्या बाबतीत साऱ्या देशाने तोच मार्ग धरला.

भद्रावतीला लोहखनिज मिळत होते ते केम्मणगुंडीहून, म्हणजे बाबाबुडन डोंगररांगेतून. भारतात कॉफी आली तीही परंपरेनुसार याच डोंगरांत. सतराव्या शतकात बाबा बुडन या सूफी संताने येमेनहून सात बिया आणून येथे पेरल्या, अशी आख्यायिका आहे. पुढे म्हैसूर संस्थानाने १९२५ मध्ये बाळेहोन्नूरला कॉफीचे संशोधन केंद्र स्थापन केले. कॉफी आणि लोखंड असे एकाच डोंगररांगेचे शेजारी आहेत. घरातल्या पोलादी कॉफीपात्रात ते पुन्हा एकत्र येतात.

*दट्ट्या, फडके आणि जाळी*

दक्षिणेतील घराघरांत कॉफी होते ती दुमजली फिल्टरमध्ये. वरच्या भांड्याला बारीक छिद्रे असतात, त्यात कॉफीची पूड भरून उकळते पाणी ओतायचे आणि अर्क खालच्या भांड्यात थेंबाथेंबाने उतरू द्यायचा. येथे काम करते ते गुरुत्वाकर्षण. भांड्यात हलणारा एकही भाग नाही. म्हणूनच आजीचा पितळी फिल्टर नातवंडांपर्यंत पोहोचतो.

फ्रेंच प्रेसची रीत निराळी. जाडसर पूड गरम पाण्यात साधारण चार मिनिटे भिजत ठेवायची आणि मग दांड्याला लावलेली जाळी वरून खाली दाबून चोथा तळाशी अडकवायचा. या कल्पनेचे एक पेटंट पॅरिसमध्ये मेयर आणि देलफोर्ज यांनी १८५२ मध्ये घेतले. त्यांच्या रचनेत दांड्याच्या टोकाला छिद्रे पाडलेला पत्रा होता आणि गाळण्यासाठी फलाणीचे कापड. कल्पना उत्तम होती, पण कडेने चोथा वर निसटू नये यासाठी दट्ट्या आणि भांड्याची भिंत यांत घट्ट बसणारा सांधा हवा होता. इटलीतील कालिमानी आणि मोनेता यांच्या १९२० च्या दशकाअखेरच्या पेटंटात कडेला स्प्रिंग असलेला दट्ट्या आला. १९५८ मध्ये फालिएरो बोंदानिनी यांनी आणखी सुधारित रचनेचे पेटंट घेतले आणि तिच्यावरूनच आजचा परिचित आकार रूढ झाला.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. फ्रेंच प्रेसची खरी अडचण पात्राची कधीच नव्हती. अडचण होती ती जाळीची, तिच्या कडेची आणि सांध्याची. टिकाऊपणाचा प्रश्नही तेथेच आहे.

*गंज न चढण्याचे रहस्य*

स्टेनलेस स्टीलचा उदय १९१२-१३ या काळातला. जर्मनीत क्रुप कंपनीतील श्ट्राउस आणि माउरर यांनी क्रोमियम-निकेलयुक्त पोलाद विकसित केले. इंग्लंडमध्ये शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी क्रोमियमयुक्त पोलाद ओतले. पोलादात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असले की त्याच्या पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर बसतो. त्याची जाडी अवघी काही नॅनोमीटर. ओरखडा पडला तरी हवेतील किंवा पाण्यातील ऑक्सिजनच्या साहाय्याने तो आपोआप भरून निघतो. म्हणजे गंजापासून रक्षण करते ते क्रोमियम.

मग निकेल कशासाठी? निकेल लोहाच्या अणूंची मांडणी बदलते. साध्या लोखंडात अणू घनाच्या आठ कोपऱ्यांवर आणि मधोमध असतात. पुरेसे निकेल मिसळले की नेहमीच्या तापमानालाही ते कोपऱ्यांवर आणि प्रत्येक बाजूच्या मध्यावर बसतात. या रचनेचे पोलाद लवचीक असते, त्याचा पत्रा न फाटता खोल ओढता येतो आणि ते चुंबकाला दाद देत नाही. ३०४ प्रतीच्या पोलादात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते.

*निकेल नसलेला देश*

निकेल महाग आणि सामरिक महत्त्वाचा धातू. १९५० च्या दशकाच्या आरंभी कोरियन युद्धाच्या काळात अमेरिकेत त्याची टंचाई भासली, तेव्हा निकेलचा काही वाटा मॅंगनीज आणि नायट्रोजन यांवर सोपविणाऱ्या पोलादांना चालना मिळाली. त्यांतूनच २०१, २०२ या प्रती, म्हणजे ‘२०० मालिका’, रूढ झाली. मॅंगनीजही अणूंची तीच मांडणी टिकवून धरते.

भारताची खनिजसंपत्ती पाहिली तर या मालिकेने येथेच मूळ का धरले हे कळते. क्रोमियमसाठी ओडिशातील सुकिंदा खोरे आहे. मॅंगनीजसाठी नागपूर-भंडारा-बालाघाटचा पट्टा आहे आणि सार्वजनिक क्षेत्रातील ‘मॉयल’ कंपनीचे मुख्यालयही नागपुरातच आहे. कर्नाटकात बळ्ळारी जिल्ह्यातील संडूर, जेथे घोरपडे घराण्याचे मराठी संस्थान होते, तेही मॅंगनीजसाठी प्रसिद्ध आहे. निकेल मात्र प्रामुख्याने आयात करावे लागते. भद्रावतीने दगडी कोळसा नाही म्हणून लाकडी कोळसा वापरला. देशाच्या भांडीउद्योगाने निकेल महाग म्हणून मॅंगनीज वापरले. दुर्गापूरचा मिश्र पोलाद कारखाना, सेलमचा स्टेनलेस पत्र्याचा कारखाना आणि नंतर वाढलेले खासगी उत्पादन यांतून स्टेनलेसचा पत्रा सर्वत्र पोहोचला. भाईंदरसारख्या ठिकाणी त्याची भांडी घडू लागली. पितळेची कल्हई मागे पडली, जुन्या कपड्यांच्या बदल्यात बोहारीण स्टीलचे डबे देऊ लागली आणि लग्नातल्या आहेराच्या भांड्यांवर नावे कोरली जाऊ लागली. सामान्य घराला न गंजणारे भांडे परवडले यात कमी निकेलच्या पोलादाचा वाटा मोठा आहे. त्याला सरसकट भेसळ म्हणणे अन्यायाचे होईल.

परंतु या बचतीची एक किंमत आहे. मॅंगनीज निकेलची जागा घेते ती अर्ध्या ताकदीनेच. निकेल फारच कमी केले तर इष्ट अणुरचना टिकविण्यासाठी क्रोमियमचे प्रमाणही उतरवावे लागते. बाजारातील स्वस्त प्रतींत निकेल एक टक्क्याच्या आसपास आणि क्रोमियम पंधरा-सोळा टक्क्यांपर्यंत खाली येते. म्हणजे गंजापासून रक्षण करणारा घटकच घटतो, आणि चुंबकाला मात्र याचा पत्ता लागत नाही.

*साक्षीदाराची उलटतपासणी*

आता दुकानातल्या परीक्षेकडे पुन्हा पाहू. एक टक्का निकेलचे पोलाद चुंबकाला चिकटत नाही, म्हणून ते ‘अस्सल’ ठरते. ४३० प्रतीच्या पोलादात निकेल जवळजवळ नसते, पण क्रोमियम १६ ते १८ टक्के असते. गंजरोधात ते त्या स्वस्त प्रतीच्या मागे नाही, किंबहुना क्रोमियमच्या हिशेबाने पुढेच आहे. तरीही ते चुंबकाला चिकटते म्हणून ‘हलके’ ठरते. तिसरा प्रकार आणखी गमतीचा. खऱ्या ३०४ च्या पत्र्याला दाबयंत्रावर खोल आकार दिला की ताण पडलेल्या जागी, विशेषतः तळाच्या वळणावर, त्याची अणुरचना काही अंशी बदलते आणि तेथे चुंबक हलकेच चिकटतो.

चुंबक खोटे बोलत नाही. तो अणूंची मांडणी सांगतो, मिश्रणातील घटक सांगत नाही. आपण त्याला विचारलेला प्रश्नच चुकीचा आहे. घटक ओळखण्यासाठी क्ष-किरणांवर चालणारे हातातले विश्लेषक मिळतात आणि भंगाराच्या व्यापारात ते वापरले जातात. भांडे मोडीत निघते तेव्हा त्याची प्रत अचूक कळते, ते विकत घेतले जाते तेव्हा कळत नाही, ही विसंगती ग्राहकाच्या पदरी येते.

*टिकाऊ म्हणजे काय?*

कॉफी सौम्य आम्लधर्मी आहे, तिचे सामू मूल्य पाचच्या आसपास असते. चिंचेची आमटी तिच्याहून कितीतरी आम्ल. त्यामुळे गुळगुळीत, उघड्या भिंतीच्या पात्राला कॉफीपासून फारसा धोका नाही. पोलादाचे खरे वैरी दोन आहेत. एक, मिठातील आणि विरंजक द्रव्यांतील क्लोराइड. दुसरा, ऑक्सिजन न पोहोचणारी फट, कारण तेथे फाटलेला ऑक्साइडचा थर पुन्हा जुळत नाही. जाळीची दुमडलेली कड, ठिपक्या वेल्डिंगचे सांधे, दांड्याचे आटे आणि स्प्रिंगचे वेढे या साऱ्या अशाच फटी. त्यातच कॉफीचे तेल साचून चिकट होते आणि ओल धरून ठेवते. शिवाय जाळीची तार बारीक, म्हणून थोडासा गंजही तिला तोडण्यास पुरतो.

यावरून निवडीचे निकष आपोआप निघतात. ३०४ हा आकडा पात्राचा आहे की जाळी, स्प्रिंग आणि स्क्रूचाही, हे विचारावे आणि प्रत बिलावर लिहून घ्यावी. दट्ट्याचे सर्व भाग हाताने सुटे होतात का ते पाहावे, कारण जे सुटे होते तेच नीट धुता आणि सुकविता येते. वेगळी जाळी विकत मिळते का, याची चौकशी करावी. दुहेरी भिंतीच्या पात्रात मधल्या पोकळीतील निर्वात उष्णता धरून ठेवतो. जेम्स ड्यूअर यांनी १८९२ मध्ये प्रयोगशाळेसाठी योजिलेली युक्ती ती हीच. गरम पाणी भरून काही मिनिटांनी बाहेरची भिंत चटका देऊ लागली तर निर्वात गेला असे समजावे. वापरानंतर खारट पाण्यात किंवा विरंजकात भांडे भिजत ठेवू नये. दट्ट्या सुटा करून कोरडा करावा. आणखी एक गोष्ट आरोग्याची. धातूची जाळी चोथा अडवते, पण कॉफीतील कॅफेस्टॉलसारखी तैलद्रव्ये कागदी गाळणीप्रमाणे अडवीत नाही आणि ती रक्तातील कोलेस्टेरॉल वाढवतात. ज्यांना तो त्रास आहे त्यांनी हे ध्यानी घ्यावे.

विद्यार्थ्यांनी एक सोपे निरीक्षण अवश्य करावे. घरातील दहा-बारा स्टीलच्या भांड्यांना तळाशी, कडेला आणि सांध्यापाशी चुंबक लावून पाहावा. कोठे चिकटतो त्याची नोंद करावी आणि गंजाचे ठिपके कोठे आहेत त्याची नोंद वेगळी ठेवावी. दोन्ही याद्या शेजारी ठेवून त्या कितपत जुळतात ते पाहावे. ठिपके सांध्यांच्या आणि फटींच्या आसपास अधिक दिसले, तर त्याचे कारण आता सांगता येईल.