दहा मित्रांच्या मोबदल्यात एक बर्गर

जानेवारी २००९. अमेरिकेतील 'बर्गर किंग' या उपाहारगृहांच्या साखळीने फेसबुकवर एक लहानसे ॲप आणले. अट सोपी होती: आपल्या यादीतील दहा मित्र काढून टाका आणि एका फुकट 'व्हॉपर' बर्गरचे कूपन घ्या. ॲपचे नाव 'व्हॉपर सॅक्रिफाइस', म्हणजे व्हॉपरसाठी दिलेला बळी. साधारण आठवडाभरात २,३३,९०६ मित्रांचा बळी गेला आणि मग खुद्द फेसबुकने या खेळाला वेसण घातली.

वरवर पाहता हा निव्वळ थिल्लरपणा. तरीही समाजमाध्यमांच्या इतिहासात त्या आठवड्याला जागा द्यावी लागते. मित्राच्या वतीने 'हो' म्हणण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न त्या बर्गरने उघड्यावर आणला, आणि त्याचे उत्तर देणे पुढे कित्येक वर्षे टाळले गेले.

खेळ रचला होता 'क्रिस्पिन पोर्टर प्लस बोगस्की' या जाहिरातसंस्थेने. नव्या तंत्रज्ञानाशी मस्ती करण्यात तिचा हातखंडा होता. २००४ च्या एप्रिलमध्ये तिने 'द बार्बेरियन ग्रुप' या डिजिटल संस्थेच्या साहाय्याने याच बर्गर किंगसाठी 'आज्ञाधारक कोंबडी' इंटरनेटवर उभी केली. कोंबडीचा पोशाख घातलेला एक माणूस संगणकाच्या पडद्यावर दिसे. 'नाच', 'उडी मार', 'झोप' असे काही टंकलिखित केले की तो तसे करी. प्रत्यक्षात शेकडो चित्रफिती आधीच चित्रित करून ठेवलेल्या होत्या आणि टंकलेल्या शब्दाला जुळेल ती फीत समोर येत असे. यूट्यूब तेव्हा अजून जन्मायचे होते. लोकांनी त्या कोंबडीचा पत्ता ईमेलने एकमेकांना धाडला आणि जाहिरात स्वतःच्या पायांनी जगभर फिरली.

२००९ पर्यंत मैदान बदलले होते. मे २००७ मध्ये फेसबुकने आपली दारे बाहेरच्या ॲपनिर्मात्यांना उघडली होती. त्यातून खेळ, कोडी आणि प्रश्नमंजूषा यांचा महापूर आला. कोलकात्यातील अगरवाला बंधूंचा 'स्क्रॅब्युलस' हा शब्दखेळ त्याच पुरात अमेरिकेपर्यंत पोहोचला. जानेवारी २००९ मध्ये फेसबुकची वापरकर्तासंख्या १५ कोटींवर गेली होती. शाळेतला बाकमित्र, कार्यालयातला साहेब, लग्नात एकदाच भेटलेला दूरचा भाऊ, सगळे एकाच यादीत 'मित्र' म्हणून बसले होते. यादी वाढवणे सोपे होते. कमी करणे मात्र अवघड, कारण तसे करण्याला संकोच आड येई. बर्गरने त्या संकोचाला एक निमित्त पुरवले.

खरी खोच मात्र कूपनात नव्हती. मराठी मुलांच्या कट्टीचा एक अलिखित नियम आहे: कट्टी उघडपणे जाहीर करावी लागते. फेसबुकवरची कट्टी याच्या नेमकी उलट होती. कोणी यादीतून काढले तरी काढलेल्याला कळत नसे आणि आजही ते कळवले जात नाही. व्हॉपर सॅक्रिफाइसने हे मौन मोडले. ज्याचा बळी दिला त्याला संदेश जाई, की अमक्याने एका फुकट बर्गरसाठी तुम्हाला सोडले. तो वाचून मित्र हसतही असेल, दुखावतही असेल. वृत्तपत्रांनी व्हॉपरच्या तेव्हाच्या किमतीला दहाने भागले आणि एका मित्राचा भाव काढला: सुमारे ३७ सेंट.

फेसबुकने बोट ठेवले ते याच संदेशावर. मित्राला काढल्याची वार्ता त्याला कळवणे हे वापरकर्त्यांच्या खासगीपणाच्या अपेक्षेविरुद्ध आहे, असे सांगून त्याने ही सोय बंद पाडली. संदेशाशिवाय खेळात काही अर्थ उरत नव्हता. बर्गर किंगने ॲप आवरते घेतले आणि जाता जाता टोमणाही मारला, की लोकांचे व्हॉपरवरचे प्रेम २,३३,९०६ मैत्र्यांहून भारी ठरले. प्रत्येकाने नेमके दहा मित्र सोडले असे धरले, तरी हा आकडा २३,३९० बर्गरांपलीकडे जात नाही. एवढ्या स्वस्तात एवढी चर्चा फार थोड्या जाहिरातींच्या वाट्याला आली असेल.

फेसबुकचा आक्षेप पोकळ म्हणता येत नाही. खेळ खेळणाऱ्याने संमती दिली होती, बळी गेलेल्याला कोणी विचारले नव्हते. पण हे कोण म्हणत होते, तेही पाहिले पाहिजे. नोव्हेंबर २००७ मध्ये फेसबुकने 'बीकन' नावाची व्यवस्था सुरू केली होती. बाहेरच्या संकेतस्थळावर कोणी सिनेमाचे तिकीट काढले किंवा एखादी वस्तू घेतली, की तिची खबर त्याच्या मित्रांपर्यंत पोहोचे. ओरड झाली, महिन्याभरात मार्क झुकरबर्ग यांनी जाहीर माफी मागितली. तरी बीकन पूर्णपणे मिटायला २००९ चा सप्टेंबर उजाडावा लागला. म्हणजे बर्गरच्या ॲपला खासगीपणाचा धडा दिला गेला, तेव्हा बीकन जिवंतच होते.

त्याहून गंभीर गोष्ट पडद्याआड होती. एखाद्याने ॲप घेतले की त्याच्याबरोबर त्याच्या मित्रांचीही बरीचशी माहिती ॲपनिर्मात्याला मिळू शकत असे. ती वाट फेसबुकनेच बांधून दिली होती आणि तिथेही मित्राला कोणी विचारत नव्हते. २०१४-१५ मध्ये ती बंद होऊ लागली. दरम्यान जे व्हायचे ते झाले होते. सुमारे २.७ लाख लोकांनी घेतलेल्या एका व्यक्तिमत्त्व-चाचणीच्या ॲपमधून ८.७ कोटींपर्यंत लोकांची माहिती 'केंब्रिज ॲनालिटिका' या राजकीय सल्लागार संस्थेकडे गेली असावी, हे २०१८ मध्ये फेसबुकने स्वतः मान्य केले. दोन्हींत मित्राची संमती नव्हती, पण बर्गरच्या ॲपने मित्राला निदान कळवले तरी होते. बंदी आली ती कळवण्यावर.

२००९ संपता संपता 'न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरी'ने वर्षाचा शब्द निवडला: 'अनफ्रेंड'.

बर्गर किंगची खोड मात्र गेली नाही, संस्था तेवढ्या बदलल्या. एप्रिल २०१७ मध्ये त्यांनी दूरचित्रवाणीवर १५ सेकंदांची एक जाहिरात दाखवली. तिच्यातला नोकर 'ओके गूगल' असा पुकारा करून 'व्हॉपर बर्गर म्हणजे काय?' असे विचारी आणि दिवाणखान्यात ठेवलेले 'गूगल होम' हे बोलके यंत्र मालकाला न विचारता विकिपीडियाचा लेख वाचू लागे. टवाळखोरांनी तो लेख बदलून बर्गरच्या घटकांत सायनाइड घातले. निस्तरायला अर्थातच विकिपीडियाचे बिनपगारी संपादक होते. गूगलने काही तासांतच आपल्या यंत्राला त्या आवाजापुरते बहिरे केले. त्याच रात्री जाहिरातीची वेगळी आवृत्ती दाखवून बर्गर किंगने ते पुन्हा बोलते केले.

डिसेंबर २०१८ मध्ये मात्र डाव स्वतःच्या अंगणात मांडला गेला. 'एफसीबी न्यूयॉर्क' या संस्थेच्या 'व्हॉपर डिटूर' या मोहिमेत बर्गर एका सेंटला मिळे, पण त्यासाठी आधी प्रतिस्पर्धी मॅकडोनाल्ड्सच्या दुकानापासून ६०० फुटांच्या आत जाऊन बर्गर किंगच्या ॲपवर मागणी नोंदवावी लागे. नंतर ॲप जवळच्या बर्गर किंगची वाट दाखवी. अमेरिकेतील मॅकडोनाल्ड्सच्या १४,००० हून अधिक दुकानांभोवती अशी अदृश्य रिंगणे आखली होती. नऊ दिवसांत १५ लाख लोकांनी ॲप उतरवून घेतले आणि पुढच्या वर्षी कान येथील जाहिरात महोत्सवात मोहिमेने तीन सर्वोच्च पारितोषिके मिळवली.

या वेळी खेळ थांबवायला कोणी आले नाही. बळी द्यायला मित्रही लागला नाही. आपण कुठे उभे आहोत हे फोनने सांगावे, एवढीच परवानगी ॲप मागत होते. वापरकर्त्याने स्वतः सेटिंगमध्ये जाऊन ती काढून घेईपर्यंत ती बर्गर संपल्यावरही तशीच राहत होती.