सर्दीचे थेंब, बीपीची गोळी आणि ऑपरेशननंतरचं दुखणं

प्रपोजलमध्ये 'हे औषध कशासाठी' हा रकाना आपण किती विश्वासाने भरतो, नाही का? क्लोनिडिनचा हा रकाना पुन्हा पुन्हा खोडावा लागलाय.

१९६२ साली जर्मनीतल्या बोहरिंगर इंगेलहाइम कंपनीत हेल्मुट श्टेले यांनी हा रेणू बनवला, तो चोंदलेलं नाक मोकळं करायला. कंपनीतल्या एका डॉक्टरने सर्दी झालेल्या सेक्रेटरीच्या नाकात त्याचे थेंब टाकले. बाई जवळपास २४ तास झोपल्या, रक्तदाब उतरला, नाडी मंदावली. (आजच्या एथिक्स कमिटीला हा प्रोटोकॉल दाखवून बघा!) नाक राहिलं बाजूला, १९६६ मध्ये औषध बाजारात आलं ते बीपीसाठी.

मग दुखण्याचा काय संबंध? क्लोनिडिन अल्फा-२ रिसेप्टरवर काम करतं. मेंदूच्या खालच्या भागात हे रिसेप्टर चेतले की नॉरॲड्रेनलिनचा जोर कमी होतो, रक्तदाब घसरतो. तेच रिसेप्टर मज्जारज्जूतही आहेत, वेदनेचा निरोप जिथून वर जातो नेमके तिथे. १९८४ मध्ये टॅमसेन आणि गॉर्ड यांनी एपिड्युरल क्लोनिडिनने वेदना कमी होते असं नोंदवलं. १९९६ मध्ये अमेरिकेत कॅन्सरच्या तीव्र वेदनेसाठी त्याला मान्यताही मिळाली.

आता ऑपरेशननंतरचं दुखणं. इथे जरा थांबून वाचा. २०१२ च्या एका मेटा-ॲनालिसिसमध्ये क्लोनिडिन आणि त्याचं भावंड डेक्समेडेटोमिडिन यांच्या ३० चाचण्या एकत्र केल्या; रुग्ण मिळून १,७९२. म्हणजे चाचणीमागे सरासरी साठच. क्लोनिडिनने २४ तासांतलं मॉर्फिन कमी झालं, पण सुमारे ४ मिलिग्रॅमने. आकडा 'सिग्निफिकंट' होता. रुग्णाला तो जाणवला असता का, हा प्रश्न वेगळा.

पुढे पॉइझ-२ ही १०,०१० रुग्णांची चाचणी झाली, मुळात हार्ट अटॅक टळतो का हे बघायला. तो टळला नाही. त्यातल्याच ६२४ रुग्णांचं दुखणं मोजून २०१६ मध्ये निकाल आला: वेदनेत फरक नाही, ओपिऑइडच्या वापरातही नाही.

डोस कमी पडला असेल, असं तुम्ही म्हणाल. मलाही आधी तेच वाटलं होतं. ०.२ मिलिग्रॅमची गोळी आणि वर पॅच, एवढंच होतं. पण तेवढ्यावरही ४८ टक्के रुग्णांचा रक्तदाब काळजी वाटावी इतका घसरला. प्लासिबोच्या गटात हे प्रमाण ३७ टक्के होतं. डोस वाढवायला जागा उरली होती कुठे?