ओटा: दारातून स्वयंपाकघरात आलेला

आज किल्ला नाही, तह नाही, लढाईही नाही. आज आपण एका स्वयंपाकघरात जाणार आहोत. हे स्वयंपाकघर आहे तमिळनाडूत, कुंभकोणमजवळच्या तिरुविसनल्लूर या गावात. तिथे माझ्या काकू राहतात. गेल्या वर्षी त्यांच्याकडे एक प्रश्न उभा राहिला: जुन्या सागवानी कपाटांवर ओट्यासाठी कुठला दगड टाकायचा? प्रश्न एवढासा होता. पण उत्तर शोधता शोधता मी तीनशे वर्षं मागे गेलो, म्हणून हा भाग.

आधी गावाची ओळख. शिवछत्रपतींचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी तंजावरला भोसल्यांची गादी स्थापन केली, हे आपण जाणताच. त्यांचे चिरंजीव शहाजीराजे १६८४ साली गादीवर आले. स्वतः लेखक, कवी आणि विद्वानांचे चाहते. त्यांनी १६९३ मध्ये हे गाव ४६ विद्वानांना अग्रहार म्हणून दिलं आणि त्याला नाव मिळालं शहाजीराजपुरम. रामभद्र दीक्षितांसारखे पंडित इथे राहिले. व्याकरण, नाटक, वैद्यक, वेदान्त, सगळ्याची चर्चा या एका गावात चालायची.

चर्चा चालायची कुठे? दारातल्या ओट्यावर. तमिळमध्ये त्याला तिण्णै म्हणतात. अग्रहारातल्या घराला रस्त्याच्या बाजूने लाकडी खांबांची पडवी असते आणि तिच्यात बसायला उंच, गुळगुळीत ओटा. वाटसरू तिथे टेकायचा, पुरुष तिथे वाद घालायचे, मुलं तिथे पाठांतर करायची. आपल्याकडेही ओटा म्हटलं की आधी हेच डोळ्यांपुढे येत असे. वाड्याचा ओटा, देवळाचा ओटा, पाराचा ओटा.

आणि त्या वेळी घरातल्या बायका कुठे होत्या? आत, जमिनीवर. चूल जमिनीवर, पाटा जमिनीवर, विळी जमिनीवर, रगडा जमिनीत पुरलेला. उकिडवं बसायचं, उठायचं, पुन्हा बसायचं. ओटा पुरुषांचा आणि जमीन बायकांची, अशी ती वाटणी होती.

आता गंमत बघा. आज मराठी घरात कुणी म्हणालं, 'ओट्यावर ठेव', तर आपण दारात जात नाही, गॅसपाशी जातो. शब्द तोच राहिला, जागा बदलली. तमिळमध्येही असंच झालंय. मेडै म्हणजे मंच, व्यासपीठ. आणि स्वयंपाकाच्या ओट्यालाही समैयल मेडै असंच म्हणतात. दोन भाषांनी उंच बसण्याच्या जागेचा शब्द उचलून स्वयंपाकघरात नेला. हे कधी घडलं आणि कशामुळे?

बाई उभी राहिली ती कधी

युरोप-अमेरिकेत याची चर्चा आपल्या आधी सुरू झाली. कॅथरिन बीचर आणि त्यांची बहीण हॅरिएट बीचर स्टो यांनी १८६९ साली घरकामावर एक पुस्तक काढलं. त्यात स्वयंपाकघरात सलग कामाचा ओटा आणि त्याखाली धान्य-पिठाचे कप्पे अशी मांडणी सुचवली होती. १९२६ मध्ये मार्गारेटे श्युट्टे-लिहोट्स्की या वास्तुविशारद बाईंनी फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी छोटंसं, आखीव स्वयंपाकघर तयार केलं. रुंदी दोन मीटरही नाही, लांबी साडेतीन मीटरच्या आत. पण प्रत्येक पाऊल मोजलेलं. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बांधली गेली. आजचं मॉड्युलर किचन हे त्याचंच पणतवंड.

आपल्याकडे बाई उभी राहिली ती मुख्यतः इंधन बदललं म्हणून. लाकडाची चूल उंचावर घेणं अवघड: धूर, राख, सरपण. रॉकेलचा स्टोव्ह आला तेव्हा चूल हलती झाली. मग १९५५ मध्ये मुंबईत बर्मा शेलने सिलिंडरचा गॅस विकायला सुरुवात केली आणि १९६५ मध्ये इंडेन आला. गॅसची शेगडी जमिनीवर ठेवणं धोक्याचं आणि गैरसोयीचंही, म्हणून ती वर गेली. शेगडीमागोमाग बाईही उभी राहिली. म्हणजे आपल्या मध्यमवर्गीय घरांतला ओटा फार फार तर दोन-तीन पिढ्यांचा आहे.

तिरुविसनल्लूरच्या घरात मात्र अर्धंच स्थित्यंतर झालं. माझ्या चुलत आजोबांनी १९५८ साली घराची पडकी मागची बाजू उतरवली. तिच्या तुळया बर्मा सागाच्या होत्या. एके काळी ब्रह्मदेशातून जहाजांनी असा साग या किनाऱ्यावर भरपूर यायचा. त्या तुळया चिरून त्यांनी स्वयंपाकघरात पाच बुटकी कपाटं करून घेतली. पितळी कड्या, जाड चौकटी. वर सागाचीच फळी. गॅस आल्यावर शेगडी त्या फळीवर गेली, पण वाटण, चिरणं, निवडणं सगळं खालीच राहिलं.

आता काकू बहात्तर वर्षांच्या आहेत. दोन्ही गुडघे गेलेले. फळी शेगडीपाशी करपलेली, मोरीपाशी कुजलेली. माझ्या चुलतभावाचं मत: सगळं तोडून चेन्नईहून नवं किचन आणू. काकू मला फोनवर म्हणाल्या (आमच्या तंजावुरी बोलीतलं बोलणं इथे सरळ मराठीत सांगतो), "अरे, कपाटं मोडू देऊ नकोस. पण मला खाली बसताही येत नाही. दोन्ही सांभाळून काही होत असेल तर सांग."

दगड नसलेल्या प्रदेशात दगड

मी गेलो. सगळ्यात आधी मला जाणवलं ते हे की या प्रदेशात दगडच नाही. कावेरीचा त्रिभुज प्रदेश म्हणजे गाळाची जमीन. भात, केळी, नारळ हवे तेवढे, पण खडक नाही. तंजावरचं बृहदीश्वराचं देऊळ १०१० च्या सुमारास पुरं झालं. ते अख्खं ग्रॅनाइटचं आहे आणि तो सगळा दगड बाहेरून आणलेला आहे. त्याच देवळाच्या भिंतीवर सरफोजी राजे दुसरे यांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. म्हणजे इथे दगड आणला जायचा तो देवासाठी आणि राजाच्या नावासाठी. सामान्यांची घरं वीट, चुना, कौलं आणि लाकडाची.

तरीही दगडाची एक वस्तू प्रत्येक घरात होती: पाटा-वरवंटा, आणि त्याच्या जोडीला रगडा. काकूंचा पाटा त्यांच्या सासूच्याही आधीचा. ग्रॅनाइटचाच. त्यावर किती वर्षं चिंच, मिरची, हळद, ओलं खोबरं वाटलं गेलं असेल याचा हिशेब नाही. झिजलाय, पण डागलेला नाही. मी मनात म्हटलं, आपल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच पडलंय.

अर्ध्यासाठी आम्ही एक साधा प्रयोग केला. महाराष्ट्रात वर्षानुवर्षं ओट्याला वापरतात तो काळा कडप्पा, आंध्रातल्या कडप्पा जिल्ह्यातला चुनखडीचा दगड. त्याचा एक तुकडा, संगमरवराचा एक तुकडा आणि ग्रॅनाइटचे तीन तुकडे आणले. प्रत्येकावर चिंचेचा कोळ, लिंबू आणि हळद घातलेलं तेल ठेवलं, रात्रभर. सकाळी कडप्प्यावर आणि संगमरवरावर चिंचेच्या जागी फिकट, निस्तेज चट्टा. चुनखडी आणि संगमरवर दोन्ही मुळात कॅल्शियम कार्बोनेट, आणि आंबट त्याला खातं. ग्रॅनाइटमध्ये स्फटिक आणि फेल्डस्पार, त्यांना चिंच काही करत नाही. फक्त फिकट ग्रॅनाइटच्या तुकड्यात तेल थोडं मुरलं होतं. फिकट दगड घ्यायचा तर सीलर लावावा लागतो, हे तिथेच कळलं.

कडप्पा वाईट आहे असं मी म्हणत नाही. स्वस्त आहे, भक्कम आहे, आणि कित्येक घरांत ओट्याखाली उभ्या टेकूंना तोच असतो. पण ज्या घरात रोज चिंचेची आमटी आणि आठवड्यातून दोनदा डांगर पचडी, तिथे वरच्या फरशीला तो नको.

रंग कुणाच्या डोळ्यांसाठी

मग रंगाचा वाद. जुना साग तांबूस, मधाळ होतो आणि त्याच्या रेषा ठळक असतात. माझी चुलतबहीण न्यू जर्सीत राहते. तिच्या घरात १९८० च्या दशकातली ओकची कपाटं आहेत. तिकडे तो रंग त्या काळी घरोघरी होता. तिलाही हाच प्रश्न पडलेला. व्हिडिओ कॉलवर आम्ही दोघांनी एकच नियम काढला: लाकूड बोलकं असेल तर दगड अबोल हवा. लाकडात रेषा आणि दगडातही मोठे तपकिरी ठिपके, असं झालं की दोघं एकमेकांशी भांडतात. बारीक दाण्याचा, एकसारखा, थंड रंगाचा दगड लाकडाला उठाव देतो.

भावाला चकचकीत काळा आवडला. सागावर काळा दिसतोही सुरेख. काकूंनी नमुना हातात घेतला, डब्यातून चिमूटभर मोहरी काढून त्यावर टाकली आणि म्हणाल्या, "दिसतेय का सांग." दिसत नव्हती. त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. काळ्यावर मोहरी हरवते, पांढऱ्यावर तांदूळ हरवतो, आणि चकाकीवर ट्यूबलाइट डोळ्यांत जातो. मध्यम करड्या, चमक न केलेल्या ग्रॅनाइटवर दोन्ही दिसले. निवड तिथेच झाली. इंटीरियरची दहा पुस्तकं वाचून मला हे सुचलं नसतं.

बहिणीला तिकडे क्वार्ट्झ सुचवला गेला. तो स्फटिकाचा चुरा राळेत बांधून करतात. डाग कमी पडतात, पण गरम कढई थेट ठेवली तर राळ करपते. शिवाय तो कापताना उडणारी धूळ कामगारांच्या फुप्फुसांना इतकी घातक ठरली की ऑस्ट्रेलियाने जुलै २०२४ पासून त्यावर बंदी घातली. ग्रॅनाइटच्या धुळीतही सिलिका असतेच. म्हणून आम्ही दगड अंगणात न कापता, पाणी सोडून कापणाऱ्या कारखान्यातच कापून घेतला.

वजन आणि उंची

दोन गोष्टी सुताराने शिकवल्या. दोन सेंटिमीटर जाडीचा ग्रॅनाइट चौरस मीटरला चोपन्न किलोच्या आसपास भरतो. आठ फूट लांब, दोन फूट रुंद ओटा म्हणजे ऐंशी किलो. हे ओझं साठ-पासष्ट वर्षांच्या सांध्यांवर टाकायचं नाही. म्हणून कपाटांच्या मधोमध आणि टोकांना दगडी उभे टेकू घातले. दगड टेकूंवर बसला, कपाटं मोकळी राहिली. उद्या एखादं दुरुस्तीला बाहेर काढायचं तर ओटा हलवावा लागणार नाही.

दुसरी गोष्ट उंचीची. कपाटं सत्तावीस इंच. काकू ताठ उभ्या राहिल्या की कोपर छत्तीस इंचांवर. वाटायला-चिरायला हात कोपराच्या तीन-चार इंच खाली हवेत, म्हणजे ओटा बत्तीस इंचांवर. मग कपाटांखाली चार इंचांचा विटांचा कट्टा केला आणि वर दगड. याचा आणखी एक फायदा झाला. तिथे रोज जमीन धुतात, आता ते पाणी सागाला लागत नाही. जुनी फळीही फेकली नाही. तिचा चांगला भाग भिंतीवर मांडणी म्हणून लागला.

विहिरीची गोष्ट

एक अडथळा राहिला होता. काका म्हणाले, "रोजचं ठीक. पण श्राद्धाचा स्वयंपाक ओट्यावर, उभ्याने? आमच्या घरात झालेला नाही."

या गावात असं म्हणणं म्हणजे गावाची सगळ्यात मोठी कथा जागी करणं. शहाजीराजांच्या काळात इथे श्रीधर वेंकटेश अय्यावाळ राहत. गाव सांगतं ते असं: त्यांच्या घरी श्राद्ध होतं, स्वयंपाक तयार होता, आणि दारात एक उपाशी माणूस आला, ज्याला त्या काळी अस्पृश्य मानत. अय्यावाळांनी श्राद्धाचं अन्न त्याला वाढलं. ब्राह्मण चिडले, पुन्हा केलेला स्वयंपाकही नाकारला, गंगेत स्नान करून ये म्हणाले. अय्यावाळांनी प्रार्थना केली आणि गंगा त्यांच्या घरच्या विहिरीत आली. आजही कार्तिगै महिन्याच्या अमावास्येला त्या विहिरीवर स्नानाला माणसांची रांग लागते.

काकू काही वाद घालायला गेल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "त्या घरातलं अन्न कुणी वाढलं ते सगळे सांगतात. ते दोनदा रांधलं कुणी, तेही खाली बसून, ते कुणी सांगत नाही."

काका गप्प बसले. मीही. कारण मी इतकी वर्षं ही कथा सांगतोय आणि तो प्रश्न मला कधी पडला नव्हता.

शेवटी मध्यममार्ग निघाला. कोपऱ्यात जमिनीवरची एक चूल तशीच ठेवली आहे. श्राद्धाचा नैवेद्य तिथे होतो, आणि तो आता काका करतात, कारण त्यांचे गुडघे चांगले आहेत. बाकी वर्षभर काकू ओट्यावर. पाटा-वरवंटाही उचलून ओट्याच्या टोकाला ठेवला आहे, त्याच्याखाली एक जादा टेकू घालून.

मंडळी, इतिहास आपण बहुतेक वेळा दारातल्या ओट्यावर बसून ऐकतो. आत जमिनीवर बसून जे घडलं त्याची कागदपत्रं थोडी. तुमच्या घरातही एखादं जुनं कपाट असेल, आणि त्यावर नवा दगड टाकायचा विचार असेल. तर आधी चिंचेचा कोळ घ्या, मूठभर मोहरी घ्या, आणि जी व्यक्ती तिथे रोज उभी राहते तिच्या कोपराची उंची मोजा. मग रंगाचं बोला. येतो.