कव्हरवर नसलेली नावं

"प्रोड्यूसर म्हणजे पैसे घालणारा ना रे?" हा प्रश्न मला आजवर इतक्या लोकांनी विचारलाय की आता एकदाच नीट लिहून टाकतो. आपल्या डोक्यात निर्माता म्हणजे सफारी घातलेला, मुहूर्ताला नारळ फोडणारा माणूस. हिपहॉपमधला प्रोड्यूसर तो नव्हे. इथे प्रोड्यूसर म्हणजे ज्याच्यावर रॅपर बोलतो ते सगळं संगीत बांधणारा. ड्रम कुठले, ते कसे वाजणार, जुन्या कुठल्या तबकडीतला कुठला तुकडा उचलायचा, कुठे थांबायचं, हे ठरवणारा. म्हणजे आपल्या भाषेत संगीतकार, संयोजक आणि थोडा साउंड रेकॉर्डिस्ट, तिन्ही एकात.

आमच्या काकूंच्या मते रॅप म्हणजे चालीवर केलेलं भांडण. त्यांच्याशी मी वाद घालत नाही (त्यांच्याशी कोणीच घालत नाही). पण त्या "चालीवर" म्हणतात ना, ती चाल कोणी बांधली, हा माझ्या आवडीचा विषय. आणि गंमत म्हणजे या संगीताच्या इतिहासात तिथेच सगळ्यात जास्त अंधार आहे. रॅपरचं नाव कव्हरवर, डीजेचं नाव कव्हरवर. ज्याने रात्र रात्र मशीनपुढे बसून ते उभं केलं, त्याचं नाव आतल्या कागदावर मुंगीएवढ्या अक्षरात. तेही असलं तर.

पहिलं उदाहरण लॅरी स्मिथचं. हा न्यूयॉर्कमधल्या क्वीन्सचा बास गिटार वाजवणारा माणूस. १९८३ मध्ये रन-डीएमसीची 'इट्स लाइक दॅट' आणि 'सकर एमसीज' ही दोन गाणी एका तबकडीच्या दोन बाजूंवर आली आणि रॅपचा पोतच बदलला. त्याआधीची रॅपची रेकॉर्ड म्हणजे बहुतेक वेळा मागे एक अख्खा बँड डिस्कोछाप काहीतरी वाजवतोय आणि पुढे पोरं बोलतायत, असा मामला होता. 'सकर एमसीज'मध्ये जवळजवळ काहीच नाही. ड्रम मशीन, हँडक्लॅप, आणि माणसाचा आवाज. बस्स. इतकं रिकामं गाणं रेकॉर्ड करून विकायला धाडस लागतं. १९८४ चा त्यांचा पहिला अल्बम, १९८५ चा 'किंग ऑफ रॉक', आणि १९८४ चाच व्होडिनीचा 'एस्केप', हे सगळं लॅरी स्मिथचं काम. रन-डीएमसीच्या कामात त्याच्या जोडीला रसेल सिमन्सचं नाव असायचं. त्या पहिल्या अल्बमला गोल्ड सर्टिफिकेट मिळालं, रॅपच्या अल्बमला असं पहिल्यांदाच. पुढे १९८६ मध्ये 'रेझिंग हेल' आला, त्यात रिक रुबिन होता, 'वॉक धिस वे' होतं, आणि जगाने इतिहास तिथून मोजायला सुरुवात केली. रसेल सिमन्स आणि रिक रुबिन यांची नावं आज कोणीही सांगेल. लॅरी स्मिथला २००७ मध्ये पक्षाघाताचा झटका आला आणि २०१४ च्या डिसेंबरात तो गेला. मला विचाराल तर 'एस्केप' हा त्या काळातला सगळ्यात कमी म्हातारा झालेला रॅप अल्बम आहे. आजही लावा, मस्त वाजतो.

असो. माझा खरा माणूस वेगळाच आहे.

त्याच्याकडे जाण्याआधी एका यंत्राची ओळख करून द्यायला हवी. १९८७ मध्ये ई-म्यू या कंपनीने एसपी-१२०० नावाचं मशीन काढलं. राखाडी रंगाचा ठोकळा, त्यावर आठ पॅड. त्यात बाहेरचा आवाज भरता यायचा, पण किती? सगळा मिळून साधारण १० सेकंद. आणि एक तुकडा जास्तीत जास्त अडीच सेकंदांचा. आज आपल्या फोनवर कुणाच्या तरी लग्नाचा तासाभराचा व्हिडिओ पडून असतो, आणि या लोकांकडे अख्खं गाणं बांधायला दहा सेकंद! मग जुगाड सुरू झाले. ३३च्या गतीची तबकडी ४५च्या गतीवर पळवायची, म्हणजे तोच तुकडा कमी जागेत मावतो, आणि मग मशीनमध्ये तो पुन्हा खाली ओढून हळू करायचा. त्या ओढाताणीत आवाजाला एक खरखर येते, कड फाटते. ती खरखर पुढे लोकांना इतकी आवडली की आज महागडी सॉफ्टवेअर वापरून मुद्दाम आणतात. काटकसरीची चव, दुसरं काय. शिळ्या भाकरीचा कुस्करा आता हॉटेलात मिळतो, तसं.

तर, पॉल मॅकास्टी. हिपहॉपमध्ये पॉल सी. जन्म १९६४, क्वीन्स. गोरा मुलगा, एका बँडमध्ये बास वाजवायचा, आणि क्वीन्समधल्या जमैका भागातल्या '१२१२' नावाच्या छोट्या स्टुडिओत इंजिनिअर म्हणून कामाला लागला. इंजिनिअर म्हणजे तासाच्या हिशोबाने पैसे घेऊन रेकॉर्डिंग करून देणारा. आजूबाजूच्या वस्तीतली पोरं पैसे जमवून तिथे यायची, त्यांच्याकडे रेकॉर्ड असायच्या, वह्या भरून ओळी असायच्या, आणि ते सगळं गाण्यासारखं कसं वाजवायचं याची फारशी कल्पना नसायची. ती कल्पना पॉलला होती.

त्या वेळेपर्यंतची नेहमीची पद्धत अशी की जुन्या फंक रेकॉर्डमधला ड्रमचा एक तुकडा उचलायचा आणि तो गोल गोल फिरवायचा. मार्ली मार्लने त्याच्या आधीच एक पाऊल पुढे टाकलं होतं, एकेक ठोका वेगळा उचलायचा. पॉलने ते फार पुढे नेलं. किक वेगळी, स्नेअर वेगळा, हाय-हॅट वेगळी, मधली धूळसुद्धा वेगळी, आणि मग ते तुकडे पॅडवर ठेवून स्वतः नव्याने वाजवायचे. म्हणजे ड्रमर जेम्स ब्राउनचा, पण ताल त्याने कधीच न वाजवलेला! आणखी एक युक्ती त्याच्या नावावर सांगतात. साठच्या दशकातल्या कित्येक स्टिरिओ तबकड्यांत ड्रम एका बाजूला आणि बाकीची वाद्यं दुसऱ्या बाजूला असायची. पॉल फक्त एका बाजूचा आवाज घ्यायचा. बाकीचा बँड गायब, नुसता ड्रमर उरतो. ऐकायला सोपं वाटतं. कोलंबसाचं अंडंही सोपंच होतं.

१९८८ मध्ये अल्ट्रामॅग्नेटिक एमसीजचा 'क्रिटिकल बीटडाउन' आला, त्यातल्या 'गिव्ह द ड्रमर सम'च्या बीटमागे हा होता. (त्याच ग्रुपचा सेड जी हाही असाच एक दुर्लक्षित. बूगी डाउन प्रॉडक्शन्सच्या १९८७ च्या 'क्रिमिनल माइंडेड'मध्ये त्याचा मोठा हात होता, कव्हरवर मात्र आभारात बोळवण.) सुपर लव्हर सी आणि कॅसानोव्हा रड या जोडीचं संगीतही पॉलचं. आणि नंतर ऑर्गनाइझ्ड कन्फ्यूजन म्हणून गाजलेली दोन मुलं होती, त्यांचा डेमोही त्याचाच.

मग त्याला फार मोठं काम मिळालं, एरिक बी आणि राकिमच्या तिसऱ्या अल्बमचं. राकिम म्हणजे त्या वेळी रॅपमधला शेवटचा शब्द. पॉलने बीट्स बांधायला घेतली. आणि १७ जुलै १९८९ रोजी क्वीन्समधल्या राहत्या घरात कोणीतरी त्याला गोळ्या घालून मारलं. वय २४. खून कोणी केला, का केला, आजतागायत सिद्ध झालेलं नाही. कुणालाही शिक्षा झाली नाही.

'लेट द रिदम हिट एम' १९९० मध्ये बाहेर आला. प्रोड्यूसर म्हणून नाव छापलं गेलं एरिक बी आणि राकिम यांचं. पॉलने सुरू केलेलं काम ज्याने पुरं केलं, तो पॉलच्याच हाताखाली एसपी-१२०० शिकलेला एक शाळकरी पोरगा होता, लार्ज प्रोफेसर. त्याचंही नाव नाही. माझं मत विचाराल तर (आणि इथे माझे दोन मित्र हमखास भांडायला येणार आहेत) हा अल्बम 'पेड इन फुल'पेक्षा चांगला आहे. 'पेड इन फुल'मध्ये राकिम संगीताच्या पुढे चालतो, संगीत मागून धापा टाकत येतं. इथे दोघं बरोबरीने पळतात. पहिल्याच गाण्यात ड्रम असे कोसळतात की राकिमलाही वेग वाढवावा लागतो. हे कोणाचं काम, ते त्या कागदावरून कळत नाही.

आता या पोराची पुढची गोष्ट. राकिमच्या त्या दिवसांत स्टुडिओ रिकामा मिळाला की लार्ज प्रोफेसर आपल्या ओळखीच्या एका मुलाला आत घ्यायचा आणि त्याचं रेकॉर्डिंग करायचा. मुलगा क्वीन्सब्रिजच्या वसाहतीतला, नाव नसीर जोन्स. १९९१ मध्ये लार्ज प्रोफेसरच्या मेन सोर्स या ग्रुपचा 'ब्रेकिंग ॲटम्स' आला, त्यात 'लाइव्ह ॲट द बार्बेक्यू'मध्ये हा मुलगा पहिल्यांदा जगाला ऐकू आला. १९९४ मध्ये त्याचा 'इलमॅटिक'. त्यातली तीन गाणी लार्ज प्रोफेसरची, 'हाफटाइम' धरून. आणि डीजे प्रीमिअर, पीट रॉक वगैरे बड्यांची गाठ घालून देणाराही तोच. २०२१ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने 'इलमॅटिक' राष्ट्रीय ठेवा म्हणून जपायच्या ध्वनिमुद्रणांत घेतला. लार्ज प्रोफेसरचा स्वतःचा अल्बम मात्र १९९६ मध्ये कंपनीने तयार असूनही अडवून ठेवला. अधिकृतरीत्या तो आला २००९ मध्ये, तेरा वर्षांनी. तोवर त्याच्या नकलेच्या नकला फिरून झाल्या होत्या.

मी हे सगळं असं तावातावाने सांगतो तेव्हा आमच्या घरातला एक वकील हमखास विचारतो, "अरे, पण ती मूळ रेकॉर्ड कोणाची? तिला विचारलं होतं का?" प्रश्न रास्त आहे. क्लाइड स्टबलफील्डने १९६९ मध्ये जेम्स ब्राउनसाठी 'फंकी ड्रमर'मध्ये जे काही क्षण वाजवलं, ते शेकडो रॅप गाण्यांत वाजलं, पण गीतकार-संगीतकार म्हणून त्याचं नाव नसल्यामुळे हक्क म्हणून त्याला काही मिळालं नाही. २०१७ मध्ये तो गेला. १९९१ च्या डिसेंबरात बिझ मार्कीच्या खटल्याचा निकाल लागला आणि परवानगीशिवाय तुकडा वापरणं महागात पडू लागलं. पण परवानगीचे पैसे जातात ते रेकॉर्ड कंपनीला आणि नाव असलेल्या संगीतकाराला. ड्रमरला नव्हेच. 'गिव्ह द ड्रमर सम' या नावाचा अर्थ ड्रमरलाही काही द्या! पॉल सीलाही नाही मिळालं, आणि ज्याचे ठोके पॉलने उचलले त्यालाही नाही.

या साखळीची एक कडी थेट आपल्या घरापर्यंत येते. २००२ मध्ये ट्रूथ हर्ट्स या गायिकेचं 'ॲडिक्टिव्ह' आलं. आमच्या मावशीने ते टीव्हीवर ऐकून स्वयंपाकघरातून ओरडून विचारलं होतं, "लता मंगेशकर लागलीय का रे?" लागलीच होती. १९८१ च्या 'ज्योती' सिनेमातलं 'थोडा रेशम लगता है', संगीत बप्पी लाहिरी. ते उचललं होतं डीजे क्विकने, हा कॉम्प्टनचा प्रोड्यूसर, आणि तोही माझ्या मते त्याच्या लायकीच्या निम्माही न गाजलेला. आणि त्या गाण्यात मधे रॅप कोणाचा असेल? राकिमचा! लताबाई आणि राकिम एकाच तबकडीवर, आणि आपल्याकडे त्याचं कौतुक करायचं सोडून नुसत्या चोरीच्या बातम्या. अर्थात परवानगी घेतलीच नव्हती, त्यामुळे बातम्या खोट्या नव्हत्या. खटला झाला, आणि २००३ मध्ये न्यायालयाने बजावलं की बप्पी लाहिरींचं नाव दिल्याशिवाय अल्बम विकता येणार नाही. ते बरंच झालं. मात्र मूळ गाण्यात ज्यांनी तबला-ढोलक वाजवलं, ज्यांच्या ठेक्यावर क्विकचा जीव जडला, त्यांचं नाव त्या वादात कोणी काढलं नाही. ते कोण होते हे मला अजून कुठल्याही कव्हरवर सापडलेलं नाही.

अलीकडे मात्र एक बदल दिसतो, आणि तो मला फार सुखावतो. अल्बमच्या नावापाशीच प्रोड्यूसर दिसू लागला. फ्रेडी गिब्सचा २०२० चा 'अल्फ्रेडो' द अल्केमिस्टसोबत, आणि नावातच दोघं, अल्केमिस्ट आणि फ्रेडी. नासने २०२० ते २०२३ मध्ये हिट-बॉयसोबत सहा अल्बम केले, तीन 'किंग्ज डिसीझ' आणि तीन 'मॅजिक'. पहिल्याला ग्रॅमी मिळालं, पण माझं मत २०२१ च्या पहिल्या 'मॅजिक'ला. छोटा, आटोपशीर, फापटपसारा नाही. नासवर कायम एक आरोप असायचा की याला बीट निवडता येत नाहीत. एकच माणूस धरून बसल्यावर तो आरोप बंद झाला. २०२४ मध्ये कॉमन आणि पीट रॉकचा 'द ऑडिटोरियम, व्हॉल्यूम १' आला. पीट रॉकचं नाव कव्हरवर, बरोबरीने. हा तोच पीट रॉक, ज्याच्या म्हणण्याप्रमाणे १९९४ मधल्या 'जूसी'ची मूळ कल्पना त्याची होती आणि नाव दुसऱ्याचं लागलं. तो अल्बम काही क्रांतिकारक वगैरे नाही. पन्नाशी ओलांडलेली दोन माणसं निवांत बसून आपलं काम करतायत. मी तो महिनाभर ऐकला.

कुणाला पॉल सी ऐकायचाच असेल तर 'गिव्ह द ड्रमर सम'पासून सुरू करा. लॅपटॉपच्या स्पीकरवर नको, हेडफोन लावा. काकू, तुम्हीसुद्धा.