पडलेल्या साम्राज्याचे वारस

वाचकहो, शाळेच्या इतिहासात एक साल आपण सगळ्यांनी घोकलेले असते. इसवी सन ४७६ : रोमचे साम्राज्य पडले. गुरुजी फळ्यावर आकडा लिहितात, मुले तो वहीत उतरवून घेतात आणि पुढचा धडा सुरू होतो. पण साम्राज्य पडते म्हणजे नेमके काय होते? वादळात झाड कोसळावे तसे ते एका रात्रीत आडवे होते काय? गादीवरचा धनी गेला की शेत कोण कसतो, सारा कोण वसूल करतो, तंटा कोण तोडतो? या प्रश्नांची उत्तरे इटलीच्या पुढच्या शंभर वर्षांत सापडतात. ती हकीकत आज तुम्हांला सांगायची आहे.

आधी त्या सालाचेच पाहू. त्या काळी रोमन फौजेत खुद्द रोमन असे थोडेच उरले होते. भाडोत्री शिपाई सरहद्दीपलीकडच्या जर्मन टोळ्यांतले असत. इटलीतल्या फौजेने मागणी केली की आम्हांला इटलीच्या जमिनीचा तिसरा हिस्सा द्या. सेनापती ओरेस्टिस याने आपल्या कोवळ्या मुलाला, रोम्युलसला, सम्राट करून ठेवले होते. त्याने ही मागणी धुडकावली. तेव्हा ओडोएसर नावाच्या सरदाराने फौज आपल्या बाजूला वळवली, ओरेस्टिसला मारले आणि पोराला गादीवरून उतरवले. मारले मात्र नाही. वर्षाला ६,००० सोन्याची नाणी नेमून देऊन नेपल्सजवळच्या एका वाड्यात राहायला पाठवले. राजचिन्हे गुंडाळून पूर्वेकडच्या सम्राटाकडे, कॉन्स्टँटिनोपलला, रवाना केली आणि कळवले की आता पश्चिमेला वेगळा सम्राट नको.

म्हणजे पाहा, साम्राज्य पडले ते असे. रोममध्ये सिनेट भरत राहिली, दर वर्षी कॉन्सल नेमले जात राहिले, कचेऱ्यांतले कारकून तेच राहिले. ओडोएसरने पुढे सुमारे १७ वर्षे राज्य केले.

आता दुसरा वारस येतो. ऑस्ट्रोगॉथ नावाच्या लोकांचा राजपुत्र थिओडोरिक. तो आठ वर्षांचा असताना तहाची ओलीस म्हणून त्याला कॉन्स्टँटिनोपलला ठेवले होते. दहा वर्षे तो त्या दरबारात वाढला. राज्य कसे चालते, कायदा काय करतो, पैसा कुठून येतो, हे त्याने तिथे डोळ्यांनी पाहिले. पुढे तो आपल्या लोकांचा राजा झाला आणि पूर्वेच्या सम्राटाला, झेनोला, जड होऊ लागला. झेनोने हुशारीने ही बला पश्चिमेकडे वळवली. ४८८ साली त्याने थिओडोरिकला सांगितले की जा, ओडोएसरला हटव आणि माझ्या वतीने इटली सांभाळ. काट्याने काटा काढायचा, दुसरे काय?

थिओडोरिक एकटी फौज घेऊन निघाला नाही. बायका, पोरे, गाड्या, गुरे घेऊन सगळा जमाव निघाला. ४८९ साली तो इटलीत उतरला. लढाया झाल्या, राव्हेना शहराला तीन वर्षे वेढा पडला. शेवटी ४९३ साली दोघांनी मिळून राज्य करावे असा करार झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत मेजवानीच्या पंगतीत थिओडोरिकने ओडोएसरला स्वतःच्या हाताने ठार केले. राज्याचा पाया असा विश्वासघाताचा होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

पण नवल असे की, त्या पायावर उभी राहिलेली इमारत तीस वर्षांहून अधिक काळ नीट टिकली.

अडचण मोठी होती. गॉथ लोक मूठभर, इटलीचे लोक लाखोंनी. भाषा निराळी, कायदा निराळा. दोघेही ख्रिस्ती खरे, पण पंथ वेगळे. गॉथ एरियन पंथाचे आणि रोमन कॅथलिक. एकाच गावात दोन देवळे अशी स्थिती. अशा वेळी थिओडोरिकने कामाची वाटणी केली. गॉथांनी देशाचे रक्षण करायचे, रोमनांनी कारभार चालवायचा. गॉथ शिपायांना तिसरा हिस्सा द्यायचे ठरले. तो जमिनीचाच होता की जमिनीच्या साऱ्याचा, यावर आज विद्वानांत वाद आहे. पण वाटणीचे काम कोणाकडे दिले ते ऐका. लिबेरियस नावाच्या रोमन अधिकाऱ्याकडे. हा गृहस्थ शेवटपर्यंत ओडोएसरशी इमान राखून होता. जो पडत्या धन्याला सोडून पळाला नाही, तो आपल्यालाही दगा देणार नाही, हे थिओडोरिकने ओळखले. लिबेरियसने ते काम फारशी कुरबूर होऊ न देता पार पाडले.

थिओडोरिकच्या दरबारातला चिटणीस कॅसिओडोरस याने राजाच्या वतीने लिहिलेली पत्रे आजही उपलब्ध आहेत. ती वाचली म्हणजे कारभार डोळ्यांपुढे उभा राहतो. व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेने शेते बुडाली, तर तिथल्या लोकांना सारा माफ करण्याचा हुकूम आहे. ज्यूंची प्रार्थनामंदिरे लोकांनी जाळली, तेव्हा ती गावकऱ्यांच्या खर्चाने पुन्हा बांधून द्यावीत असा निवाडा राजाने दिला. श्रद्धा हुकमाने लादता येत नाही, हे त्याचे धोरण होते. ५०० साली तो रोम शहरी गेला, गरिबांसाठी दर वर्षी १,२०,००० माप धान्य लावून दिले आणि तटबंदीच्या दुरुस्तीसाठी वर्षाला २०० पौंड सोने नेमले.

शेजाऱ्यांशीही त्याने सोयरिकी केल्या. स्वतः फ्रँकांचा राजा क्लोव्हिस याची बहीण केली. आपली बहीण आफ्रिकेतल्या व्हँडल राजाला दिली, एक मुलगी स्पेनकडच्या व्हिसिगॉथ राजाला, दुसरी बर्गंडियन राजपुत्राला. सगळे राजे सोयरे झाले म्हणजे लढाया थांबतील, असा हिशेब. पण सोयरिकीने राज्यलोभ थांबला असता तर इतिहासाची पुस्तके फार पातळ झाली असती! ५०७ साली मेहुणा क्लोव्हिस याने जावई व्हिसिगॉथ राजावर चाल केली आणि त्याला रणात मारले.

अखेरच्या वर्षांत थिओडोरिकच्याही मनात संशय शिरला. कॉन्स्टँटिनोपलचा दरबार आणि रोमचे सिनेटर आतून एक आहेत, असे त्याला वाटू लागले. त्याच्या पदरी बोएथियस नावाचा थोर पंडित होता. ग्रीक तत्त्वज्ञान लॅटिनमध्ये आणण्यासाठी त्याने जन्म वेचला होता. त्याचे दोन्ही मुलगे ५२२ साली एकाच वेळी कॉन्सल झाले होते. वर्ष-दोन वर्षांतच त्याच्यावर राजद्रोहाचा आरोप आला. तुरुंगात मरणाची वाट पाहत त्याने तत्त्वज्ञानाच्या सांत्वनावर एक ग्रंथ लिहिला. तो पुढे हजार वर्षे युरोपभर वाचला गेला. त्याला ठार मारले, पाठोपाठ त्याच्या वृद्ध सासऱ्यालाही. ५२६ साली थिओडोरिक वारला. तीस वर्षांत जोडलेला विश्वास शेवटच्या तीन वर्षांत तुटला होता.

इथे शिक्षकांनी जरा कान द्यावा. थिओडोरिकच्या मागे त्याचा लहानगा नातू गादीवर बसला आणि मुलाची आई अमालासुंथा कारभार पाहू लागली. बाई विदुषी. लॅटिन, ग्रीक आणि गॉथ अशा तिन्ही भाषा तिला येत. तिने मुलाला पंतोजी ठेवले. गॉथ सरदार भडकले. पंतोजींच्या छडीला भिणारा पोर उद्या तलवारीपुढे काय उभा राहणार, असा त्यांचा सवाल. त्यांनी मुलाला शिक्षणातून सोडवले आणि समवयस्क टोळक्यात सोडले. तो दारूच्या आहारी गेला आणि ५३४ साली, विशी गाठण्यापूर्वीच, मेला. मग अमालासुंथेने थिओडाहाड या आपल्या भावकीतल्या माणसाला बरोबर घेतले. हा मात्र चांगला शिकलेला, प्लेटो वाचलेला. पण शेजाऱ्याची जमीन दिसली की याची नजर फिरे. त्याने तिलाच एका सरोवरातल्या बेटावर कोंडले आणि ५३५ साली तिचा खून झाला.

पूर्वेचा सम्राट जस्टिनियन अशा निमित्ताची वाटच पाहत होता. रोमनांची इटली रोमनांना परत मिळवून द्यायची, गॉथांच्या जोखडातून लोकांना सोडवायचे, असा डंका वाजवत त्याचा सेनापती बेलिसारियस सिसिलीत उतरला. ५३६ च्या डिसेंबरात त्याने रोम घेतले. लोकांना वाटले, सुटलो. तिथून खरे हाल सुरू झाले.

गॉथांचा नवा राजा विटिगिस याने ५३७ साली रोमला वेढा घातला. तो वर्षभर चालला. डोंगरातून शहरात येणारे पाण्याचे उंच दगडी पाट गॉथांनी फोडले. प्यायला टायबर नदी आणि विहिरी होत्या; पण त्या पाटांच्या पाण्यावर पिठाच्या चक्क्या चालत, त्या बंद पडल्या. बेलिसारियसने तोड काढली. नदीत दोरखंड ताणून दोन-दोन नावा शेजारीशेजारी बांधल्या, मध्ये चाक बसवले आणि नावांवर चक्क्या मांडल्या. नदीच्या ओघाने चाक फिरे आणि दळण निघे. युक्ती नामी होती. पण फुटलेल्या पाटांपैकी बहुतेक पुढे कधीच पहिल्यासारखे वाहिले नाहीत.

त्यातच अस्मानीची भर पडली. ५३६ साली सूर्य महिनोन् महिने मंद, चंद्रासारखा फिका दिसत होता, असे त्या वेळच्या लेखकांनी लिहून ठेवले आहे. आजचे शास्त्रज्ञ बर्फाच्या थरांतली राख तपासून सांगतात की दूर उत्तरेकडे मोठ्या ज्वालामुखीचा स्फोट झाला होता. पिके गेली. फौजांच्या येण्याजाण्याने पेरण्या गेल्या. इतिहासकार प्रोकोपियस स्वतः बेलिसारियसबरोबर होता. तो लिहितो की एकट्या पिसेनम प्रांतात ५०,००० हून कमी नाहीत इतके शेतकरी उपासमारीने मेले. त्यानंतर भूमध्यसमुद्राच्या काठाने प्लेगची साथ आली.

५४१ साली टोटिला हा गॉथांचा राजा झाला. त्याने एक गोष्ट ओळखली की जो शेतकऱ्याला सांभाळील त्याला दाणा मिळेल. त्याने कुळांना सांगितले की निर्धास्त शेते कसा, फक्त सारा आणि मालकाचा खंड माझ्याकडे भरा. जमीनदारांकडून पळून आलेल्या गुलामांना त्याने फौजेत घेतले आणि परत द्यायला साफ नकार दिला. दहा वर्षे त्याने सम्राटाच्या फौजांना दाद दिली नाही. ५४६ साली त्याने रोम घेतले, तेव्हा त्या अफाट शहरात सामान्य लोकांपैकी ५०० च माणसे उरली होती, असे प्रोकोपियस सांगतो. शेवटी ५५२ साली सेनापती नार्सेस याच्याशी लढताना टोटिला पडला आणि गॉथांचे राज्य मोडले.

५५४ साली जस्टिनियनने इटलीसाठी मोठा फर्मान काढला. त्यात वजने-मापे ठरवली, शिक्षकांचे आणि वैद्यांचे वेतन पूर्ववत चालू ठेवावे असेही सांगितले. वाचायला सारे गोड. पण त्याच फर्मानात टोटिलाने केलेले सगळे रद्द झाले. सुटलेले गुलाम आणि कुळे पुन्हा मालकांच्या दावणीला. आणि वेतन घेणाऱ्या शिक्षकांपुढे विद्यार्थी कुठले, गावेच ओस पडलेली!

एवढे करून जिंकलेली इटली टिकली किती? ५६८ साली लोंबार्ड नावाची नवी टोळी आल्प्स ओलांडून आली. थकलेला देश तिला अडवू शकला नाही. इटलीचे तुकडे झाले. काही लोंबार्डांचे, काही पूर्वेच्या सम्राटाचे, रोमभोवती पोपचा वाढता अंमल. हे तुकडे पुन्हा एका राज्यात यायला १८७० साल उजाडावे लागले.

मग सांगा, रोमन इटली कोणी मोडली? रानटी टोळ्यांनी, असे आपण सहज म्हणतो. पण ओडोएसर आणि थिओडोरिक या ‘रानटी’ राजांच्या पन्नास वर्षांत पाट वाहत होते, तट दुरुस्त होत होते आणि सिनेट भरत होती. देश मोडला तो मुख्यतः सुटकेच्या नावाने चाललेल्या अठरा वर्षांच्या लढाईत, दुष्काळाने आणि साथीने. गॉथही निर्दोष नव्हते. मिलान शहराची १५३९ च्या हजार वर्षे आधी, म्हणजे ५३९ साली, त्यांनी जी कत्तल केली ती विसरता येणार नाही. पण कुळांच्या घरातून पाहिले तर राजा कोणत्या वंशाचा यापेक्षा पाट वाहतो की नाही आणि सारा झेपतो की नाही, याला अधिक मोल होते.

कॅसिओडोरसचे पुढे काय झाले, तेही सांगून ठेवतो. राज्य बुडालेले पाहून हा चिटणीस दक्षिण इटलीतल्या आपल्या वतनावर गेला. तिथे त्याने मठ काढला आणि साधूंना जुन्या पोथ्या नीट नकलून ठेवायला शिकवले. नक्कल करताना चुका होऊ नयेत म्हणून वयाच्या ९३ व्या वर्षी त्याने शुद्धलेखनाचे पुस्तक लिहिले.

शिक्षक मित्रांनो, पुढच्या वेळी फळ्यावर ४७६ लिहाल, तेव्हा त्याच्या शेजारी ५५४ ही लिहा. मुलांना विचारा, या दोन सालांपैकी कोणत्या साली इटलीचा शेतकरी अधिक सुखी होता. उत्तर लगेच सांगू नका. त्यांना भांडू द्या.