उरलेले निखारे
मंठाळपासून जवळच असलेले बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याण. तेथील तिसऱ्या सोमेश्वराने ११२९ च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लासा’त निखाऱ्यांवर भाजलेल्या राजभोगाचे वर्णन आहे. पंक्ती उठल्यावर उरणाऱ्या निखाऱ्यांचा इतिहास मात्र ग्रंथांत नव्हे, आमच्या घरच्या चुलींपाशी राहिला. ते मडक्यात भरून तोंड झाकीत. हवा तुटली की विझत. राख झाडलेला तो कोळसा दुसऱ्या दिवशी शेगडीत येई, लाकडाहून पुष्कळ कमी धूर करी. त्यातलाच एखादा निखारा देवापुढील धुपाटण्यात जाई. गॅस आला आणि बहुतेक घरांतून ही वहिवाट सुटली. लेख नाही म्हणून वहिवाट खोटी ठरत नाही, हे आम्ही कायद्यात शिकलो. पण साक्षीदारच उरले नाहीत, तर ती सिद्धही होत नाही. घरातील वडीलधाऱ्यांना आजच विचारून ठेवावे.